गवताचा रकाना

आपल्या भाषेने गवताला फारसे आदराने वागविलेले नाही. एखाद्याचा अनादर करावयाचा असला म्हणजे आपण त्याला तृणवत् लेखतो. मोलाची वस्तू फुकटात गेली तर ती काडीमोल झाली म्हणतो, आणि ज्याच्या शब्दाला मान नाही त्याला काडीचीही किंमत नाही, असे सहज बोलून जातो. सोन्याला तोळा आहे, भाताला खंडी आहे, दुधाला पूर्वी शेर होता आणि आता लिटर आहे. उभ्या गवताला मात्र माप नाही. ते आपोआप उगवते, आपोआप वाळते, त्यासाठी कोणी घाम गाळलेला नसतो, अशी सर्वांची समजूत. ज्यांच्या गोठ्यात एखादी तरी गाय बांधलेली आहे, तेवढीच माणसे असे बोलताना किंचित अडखळतात.

हा विषय आम्हांला पुस्तकांनी सुचविलेला नाही; तो आमच्या नदीने सुचविला. हळर्ण हा गाव शापोरा नदीच्या काठचा. सह्याद्रीच्या कुशीतून तिळारीच्या नावाने उतरलेली नदी दोडामार्गाचा मुलूख मागे टाकून पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या मधून वाहू लागते. इतिहासात आमच्या गावाचे नाव आले ते किल्ल्यामुळे. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला, आणि त्या विजयाची खूण म्हणून त्याला आलोर्नचा मार्क्विश ही पदवी मिळाली. अशा रीतीने एका लहानशा गावाचे नाव लिस्बनच्या दरबारापर्यंत पोहोचले! किल्ला कोणी घेतला आणि कोणी सोडला, याच्या नोंदी आहेत. त्याच्या तटाखाली त्या वर्षी कोणाची गुरे चरत होती आणि लढाईत त्यांच्या चाऱ्याचे काय झाले, हे लिहून ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. गवताच्या बाबतीतली ही उपेक्षा अशी जुनी आहे.

शहरात वाढलेल्या विद्यार्थिमित्रांसाठी गुरांच्या वर्षाविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. गेल्या कार्तिकात रचून ठेवलेली पेंढ्याची उडवी ज्येष्ठ संपेतोवर बहुधा तळाला टेकलेली असते. मृगाचा पाऊस पडतो, आठ-पंधरा दिवसांत डोंगरउतारावर आणि सड्यावर कोवळे हिरवे गवत तरारून येते, आणि आमच्या बोलीत ज्याला 'राखणो' म्हणतात तो गुराखी गुरे घेऊन बाहेर पडतो. शेतात लावणी झालेली असल्यामुळे गुरांना तिकडे मज्जाव. तेव्हा सडा, डोंगराची उतरण, शेताचे बांध आणि नदीकाठची मोकळी जमीन, एवढेच त्यांचे राज्य. ज्यांना राखणो परवडत नाही ते बांधावरचे व काठावरचे गवत विळ्याने कापून भारे घरी आणतात. पुढे भात कापले की त्याचा पेंढा पुन्हा उडवीत जातो आणि उन्हाळ्याची बेगमी होते. म्हणजे गुरांचे पोट पावसाळ्यात काठावर आणि सड्यावर, तर उन्हाळ्यात भाताच्या पेंढ्यावर अवलंबून. यांतला एक दुवा तुटला की पुढचा सारा हिशेब विस्कटतो.

तो दुवा 2019 च्या ऑगस्टमध्ये तुटला, आणि 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तुटला. 23 जुलै 2021 च्या सुमारास गोव्यात जो पूर आला तो 1982 नंतरचा सर्वांत मोठा, असे त्या वेळी मुख्यमंत्र्यांनीच सांगितले होते. पेडणे, डिचोली, सत्तरी, बार्देश अशा अनेक तालुक्यांना त्याने झोडपले. घरे पडली, रस्ते खचले, भातशेती पाण्याखाली गेली. त्या दिवसांत जो तो घर, भांडीकुंडी आणि माणसे यांच्या चिंतेत होता, आणि ते योग्यच होते. पाणी ओसरल्यावर मग गुरांची आठवण झाली.

पाणी गेले, परंतु जाताना काठच्या साऱ्या गवतावर चिखलाचा एक पातळ लेप देऊन गेले. अर्धा इंचसुद्धा नसेल तो. पण असे माखलेले गवत गुरे हुंगतात आणि तोंड फिरवितात. भुकेपोटी खाल्लेच तर पोट बिघडते. गोठ्यात शिरलेल्या पाण्याने उडवीचा उरलासुरला पेंढा भिजला. भिजलेला पेंढा आतून तापतो, त्याला बुरशी येते, आणि तो खताच्या कामाचा राहतो. राहता राहिले शेतातले भात. ते कुजले म्हणजे दाणा गेला हे सर्वांना दिसते. त्या दाण्याबरोबर येत्या उन्हाळ्याचा पेंढाही गेला, हे फक्त गायवाल्याला दिसते. एका पुरात चारा असा तीनदा बुडतो: काठावरचा आजचा, उडवीतला कालचा आणि शेतातला उद्याचा.

आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांच्याकडे त्या वेळी दोन दुभत्या गायी, एक म्हैस आणि एक पाडी होती. पुराच्या रात्री त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी कमरेएवढ्या पाण्यातून चारही जनावरे सोडवून उंचावर नेली. एकही दगावले नाही. आळीत सर्वांनी त्यांचे कौतुक केले. चारसहा दिवसांनी नुकसानीची पाहणी झाली. पाहणीस आलेले गृहस्थ सज्जन होते; चिखल तुडवीत घरोघर फिरले, प्रत्येकाचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. त्यांच्या हातातल्या कागदावर घराचा रकाना होता, पिकाचा होता, मृत जनावरांचा होता. काकांनी जनावरांच्या खाण्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि असा रकाना नसल्याचे नम्रपणे सांगितले. काका त्यांच्यावर रागावले नाहीत. ते गेल्यावर मात्र आमच्याकडे वळून म्हणाले, "गाय मेल्ली जाल्यार पयशे मेळटले आशिल्ले. ती जिती उरली, हो म्हजो गुन्यांव?"

गाय मेली असती तर पैसे मिळाले असते. ती जिवंत राहिली, हा माझा गुन्हा काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. पुढे महिनाभर काका रोज पहाटे उठून दूरच्या सड्यावरून गवताचे भारे डोक्यावरून आणीत. सडेही आता पूर्वीइतके मोकळे कोठे आहेत? पेडण्यातल्या मोपच्या ज्या विस्तीर्ण सड्यावर धनगरांची गुरे चरत, तेथे विमानतळ उभा राहिला. त्याचे उद्घाटन 2022 च्या डिसेंबरात झाले. विमानतळ नको असे आम्ही म्हणत नाही. पण काठ बुडाला म्हणजे सड्याचा आसरा घ्यावा, हा जुना शहाणपणा सडा शिल्लक असेपर्यंतच चालतो. काकांनी पेंड उधारीवर आणली. दूध निम्म्यावर आले, आणि उधारी दुधापेक्षा वेगाने वाढली. चवथीच्या आधी त्यांनी दोन्ही गायी विकल्या. घेणारा अडलेल्याची नड ओळखून होता. निम्म्या किमतीत व्यवहार झाला. पुरात न बुडालेल्या गायी अशा रीतीने कोरड्या जमिनीवर बुडाल्या.

नियम काय सांगतात, हे त्यानंतर आम्ही मुद्दाम पाहिले. नैसर्गिक आपत्तीत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून जी मदत दिली जाते, तिचे निकष केंद्र सरकार ठरवून देते. 2022 ते 2026 या काळासाठी ठरविलेल्या निकषांप्रमाणे दुभती गाय किंवा म्हैस दगावल्यास 37,500 रुपये, बैल दगावल्यास 32,000 रुपये, वासरामागे 20,000 रुपये, आणि शेळी-मेंढीमागे 4,000 रुपये मिळतात. 2021 च्या पुराच्या वेळी गाय-म्हशीसाठी हा आकडा 30,000 होता. शेतजमिनीवर तीन इंचांहून जाड गाळ बसला, तर तो काढण्यासाठी हेक्टरी 18,000 रुपयांची तरतूद आहे. चाऱ्याचाही उल्लेख आहे. नाही असे नाही. जनावरांच्या छावणीत मोठ्या जनावरामागे दररोज 80 रुपये आणि लहान जनावरामागे 45 रुपये, असा तो दर आहे. पूर्वी तो 70 आणि 35 होता.

हे आकडे आम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर मांडले आणि मुलांना गणित घातले. तीन दुभत्या गायी पुरात मेल्या तर मदत किती? 1,12,500 रुपये. त्याच तीन गायी मालकाने जिवावर उदार होऊन वाचविल्या आणि महिनाभर त्यांना चारा मिळाला नाही, तर मदत किती? वर्गात थोडा वेळ शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, "शून्य." गणित बरोबर होते. त्या शून्याने मुले अस्वस्थ झाली, आणि ती अस्वस्थता आम्हांला कोणत्याही धड्याहून मोलाची वाटली.

निकष करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता, असे मात्र कोणी समजू नये. मेलेले जनावर मोजता येते, पडलेली भिंत दाखविता येते, तीन इंच गाळ पट्टीने मापता येतो. अर्ध्या इंचाच्या चिखलाने माखलेले गवत कोणी आणि कसे मोजावे? शिवाय ते गवत कोणाचे? जमीन कोणाच्या तरी नावावर असते. चरण्याची वहिवाट मात्र साऱ्या गावाची. पिकाचा मालक सात-बाराऐवजी आमच्याकडच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सापडतो, पण गवताचा मालक कोणत्याच उताऱ्यावर सापडत नाही. जे सर्वांचे आहे, त्याचे नुकसान कोणाच्याच नावावर लिहिता येत नाही. खरी अडचण येथे आहे.

घाटावरच्या दुष्काळात सरकारने या अडचणीतून छावण्यांचा मार्ग काढला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली असेल, त्यांना चारापाणी संपलेल्या माणदेशात मेंढरांची आणि धनगरांची कशी दैना होते आणि भरली वाडी कशी ओस पडते, हे सांगावयास नको. ती कादंबरी 1955 साली प्रसिद्ध झाली. 2019 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळ पडला, तेव्हा बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) अशा जिल्ह्यांतून दीड हजारांच्या आसपास चारा-छावण्या उघडाव्या लागल्या, आणि त्यांत लाखो जनावरांनी आश्रय घेतला. जनावराबरोबर घरातले एक माणूसही छावणीत राहावयास जाई. निम्मे घर गावात, निम्मे छावणीत. कष्ट होतेच, पण गुरे जगली. आमच्याकडच्या पुराची तऱ्हा वेगळी. तो दोन दिवसांत येतो आणि जातो. चार-पाच गावांच्या काठावर थोडी थोडी गुरे उपाशी ठेवतो. एवढ्यासाठी छावणी कोण उघडणार? आमच्या भागात छावणी उभी राहिलेली आम्ही तरी पाहिली नाही. आणि छावणी नाही, म्हणून छावणीचा दरही नाही.

दूरच्या अमेरिकेत या प्रश्नाचा विचार निराळ्या वाटेने झालेला आहे. तेथे 2008 च्या शेती-कायद्याने पशुपालकांसाठी चराईच्या नुकसानीची एक योजना निघाली आणि 2014 च्या कायद्याने ती कायम झाली. नेब्रास्का विद्यापीठातील एक केंद्र तेथील सरकारी खात्यांच्या सहकार्याने दर गुरुवारी साऱ्या देशाचा दुष्काळ-नकाशा प्रसिद्ध करते. पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत दुष्काळाच्या पायऱ्या त्यावर रंगविलेल्या असतात. चराईच्या हंगामात आपल्या परगण्यावर ठरावीक तीव्रतेचा रंग ठरावीक आठवडे राहिला, म्हणजे तेथील पशुपालक मदतीस पात्र होतो. जनावर मेलेले दाखवावे लागत नाही. जनावरांना महिन्याला लागणारा चाऱ्याचा खर्च आणि त्या कुरणाची जनावरे पोसण्याची शक्ती, या दोहोंपैकी जे कमी भरेल त्याच्या 60 टक्के रक्कम एका महिन्यासाठी धरतात, आणि दुष्काळ जितका कडक तितके अधिक महिने देतात. ही योजना दुष्काळासाठी आणि सरकारी कुरणांवर लागणाऱ्या वणव्यासाठी आहे; पुरासारख्या संकटात गेलेल्या चराईसाठी तेथे दुसरी योजना आहे, आणि मेलेल्या जनावरांसाठी तिसरी. तेथले सारे आपल्याला लागू पडेल असे नाही. तेथील पशुपालकाचे कुरण मालकीचे किंवा भाड्याचे असते, त्याचे कागद असतात. आमच्या काकांची गाय गावाच्या वहिवाटीवर चरते. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जिवंत जनावराची भूक हेही नुकसानच आहे, हे त्या कायद्याने मान्य केले, आणि एकदा मान्य केल्यावर मोजण्याची युक्ती शोधून काढली.

आपल्याकडे तर ती युक्ती अर्धी तयारच आहे. गवत मोजता येत नसेल, तर तोंडे मोजावीत. आजकाल गुरांच्या कानाला पिवळा बिल्ला असतो. त्यावर बारा आकडे असतात, आणि त्या आकड्यांवरून जनावराची नोंद सापडते. कोणत्या वाड्यावर किती गुरे आहेत, हे सांगण्यास आता अंदाजाची गरज नाही. पुराचे पाणी कोठवर चढले हेही दिसते. चाऱ्याचा रोजचा दर तर सरकारनेच ठरविलेला आहे. हा दर छावणीतच का द्यावा? तीस दिवसांपुरता तो गोठ्यावर दिला तर काय बिघडेल? 2021 च्या 70 रुपयांच्या दराने दोन गायींचे तीस दिवसांचे 4,200 रुपये झाले असते. एवढ्या रकमेत सरकारची तिजोरी रिती झाली नसती, आणि काकांच्या गायी गोठ्यात राहिल्या असत्या. मेलेल्या गायीबद्दल 30,000 देण्यास जे सरकार तयार होते, त्याला जिवंत गायीसाठी 2,100 जड वाटण्याचे कारण नाही. फक्त तसे कोणी विचारले नव्हते.

हा विचार परदेशी म्हणून कोणी झटकून टाकू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुरणांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी 'विवीताध्यक्ष' असे पदच आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या मुक्कामी असलेल्या आपल्या लष्करास 1670 नंतरच्या दशकात पाठविलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणावैरण आताच उधळला तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि मग लोक कुणब्यांच्या घरात हात घालतील, अशी त्यात कडक ताकीद आहे. गवताच्या गंज्यांना आग लागू नये म्हणून दिव्याची वातसुद्धा सांभाळावयास सांगितले आहे. ज्या राजाने किल्ले बांधले, त्याने गवताच्या गंजीवरही लक्ष ठेवले. राज्य चालविणाऱ्याला गवत क्षुल्लक वाटून चालत नाही, हा धडा आपल्याच घरचा आहे.

सरकारकडे मागणे करावयाचे ते ग्रामसभेतून आणि रीतसर अर्जाने. ते काम मोठ्यांचे. पण मागणाऱ्याजवळ नोंद हवी. "फार नुकसान झाले" या वाक्याला कार्यालयात वजन नसते; तारीख, वाडा, जनावरांची संख्या आणि दिवस यांना असते. म्हणून आमच्या वर्गाने गेल्या पावसाळ्यापासून एक वही घातली आहे. काठावरच्या पाच ठिकाणी दर शनिवारी मुले जाऊन गवत किती वीत वाढले ते मापतात. त्या बाजूस किती गुरे चरतात ते लिहितात. पाणी चढले तर कोणत्या दगडापर्यंत चढले, चिखल किती दिवस राहिला, गुरांनी पुन्हा तोंड कधी लावले, तेही लिहितात. ज्या मुलाला अंकगणितात कधी गोडी वाटली नाही, त्याची नोंद सर्वांत चोख असते, कारण त्याच्या घरी म्हैस आहे. गेल्या वर्षी नदी काठातच राहिली, म्हणून पुराची पाने कोरी आहेत. ती तशीच कोरी राहोत, हीच आमची प्रार्थना.

परंतु नदी आपल्या प्रार्थनेवर चालत नाही. पालकांना आमची एवढीच विनंती आहे, की पाल्य शनिवारी हातपाय चिखलाने माखून उशिरा घरी आला तर त्याला रागे भरू नये; आपल्या लहानपणी काठ कसा होता, कोणत्या साली पाणी कोठवर आले होते, किती घरांत किती गुरे होती, हे त्याला सांगावे, म्हणजे तो ते वहीत उतरवून घेईल. पुढे कधी पाहणीस कोणी आले, आणि त्यांच्या कागदावर गवताचा रकाना नसला, तर आपल्या वहीत तो असेल. सरकार आपला रकाना आखील तेव्हा आखील. तोवर आपण आपला भरीत राहावे.